बागेतले बाधित

मुंबईकराच्या वाट्याला मोकळी जागा किती येते हे मोजायला टेप लागत नाही, योगासनांची चटई पुरते. चटई सहा फूट लांब, दोन फूट रुंद. म्हणजे चौरस मीटर एक आणि वर चिमूटभर. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, असं नगररचनेतली जाणती मंडळी कित्येक वर्षं सांगत आली आहेत. म्हणजे प्रत्येकाला एक चटई आणि कडेला चपला काढण्यापुरती जागा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर हवेत असं लिहिलंय. पण त्या दिल्लीत लिहिल्या गेल्या. तिथं हात पसरून आळस देता येतो. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यानं माणशी चार चौरस मीटरच्या आसपास जायचं मनावर घेतलंय, तेव्हा निदान पुढच्या पिढीला सूर्यनमस्कार घालताना पुढच्याची टाच नाकाला लागणार नाही.

जागा जितकी कमी तितका तिचा कारभार दाट. आमच्या उपनगरातली बाग ही अशी जेमतेम फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढी. पण पहाटे साडेपाचला फाटक उघडलं की तिथं निदान पाच स्वतंत्र संस्थानं सुरू होतात. उत्तरेला प्राणायामवाले. गुलमोहराखाली हास्यक्लब. ओपन जिमच्या निळ्या-पिवळ्या यंत्रांवर ज्यांना व्यायाम करायचा नसतो ते बसून फोनवर बोलतात, आणि ज्यांना करायचा असतो ते बाजूला उभे राहून खाकरतात. पश्चिमेचा बाक हा निवृत्त बँकवाल्यांचा. त्यावर नवख्यानं बसू नये असा नियम कुठंही लिहिलेला नाही, पण नवखा बसला की समोर चौघं येऊन नुसते उभे राहतात. पाचवं संस्थान चालणाऱ्यांचं. तिथं मध्यंतरी यादवी झाली होती. पायवाटेवर प्रदक्षिणेच्या दिशेनं चालायचं की उलट, यावरून. प्रदक्षिणावाल्यांच्या बाजूला धर्म होता, उलटवाल्यांच्या बाजूला एक हाडांचे डॉक्टर होते. शेवटी तह झाला तो असा: सातपर्यंत धर्म, सातनंतर विज्ञान. हा तह आजही पाळला जातो आणि महापालिकेला त्याचा पत्ताही नाही. स्थानिक स्वराज्य याहून वेगळं काय असतं ते मला तरी ठाऊक नाही.

हास्यक्लबचं तर विचारूच नका. आज जगभरच्या बागांतून माणसं हात वर करून हसतात, त्या प्रकाराची सुरुवात १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत झाली. डॉ. मदन कटारिया आणि सोबत मोजकी चार माणसं. आधी ती एकमेकांना विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले बायकांसमोर सांगण्याजोगे नव्हते, तेव्हा ठरलं की विनोदाशिवायच हसायचं. मुंबईच्या बागेत नागरिकांनी एकत्र येऊन घेतलेल्या निर्णयांपैकी जगभर अमलात आलेला हा बहुधा एकमेव निर्णय. कारणाशिवाय हसण्याचा हा सराव पुढं आम्हाला बागेच्या सुशोभीकरणाचं सादरीकरण पाहताना फार उपयोगी पडला.

ते सादरीकरण झालं वॉर्ड ऑफिसात, बुधवारी, सकाळी अकरा वाजता. नागरिकांचा सहभाग मिळावा म्हणून ही वेळ निवडली होती. त्यामुळे ज्यांना बुधवारी सकाळी अकराला दुसरं काही काम नसतं असे सगळे नागरिक हजर होते; म्हणजे आम्हीच. पडद्यावर आमच्या बागेचं भविष्यातलं चित्र आलं. चित्रातली माणसं उंच, सडसडीत आणि आनंदी. एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. एक बाई पांढऱ्या कुत्र्याला घेऊन जांभळ्या फुलांच्या ताटव्यातून चाललेली. मधोमध कारंजं, कडेला कॅफे, आणि फाटकाशी लाल बदामासकट ‘आय लव्ह’ आणि पुढं आमच्या उपनगराचं नाव, अशी माणसापेक्षा उंच इंग्रजी अक्षरं. चित्रात जी झाडं होती ती आमच्याकडे नव्हती आणि आमच्याकडे जी झाडं आहेत ती चित्रात नव्हती.

“यात आमची बकुळ कुठंय?” पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

सल्लागार तरुण होता, नम्र होता. त्यानं लेझरचा लाल ठिपका नकाशावर फिरवला. ठिपका कारंज्यावरून गेला, सेल्फी पॉइंटवरून गेला आणि कॅफेच्या काउंटरवर येऊन थांबला.

“इथं कुठंतरी, आजी,” तो म्हणाला.

मग सूचनांची वही फिरवण्यात आली. या वह्या जपून ठेवायला हव्यात. शंभर वर्षांनी मुंबईकर कसा होता हे कुणाला जाणून घ्यायचं झालं, तर कादंबऱ्यांपेक्षा याच वह्या कामी येतील. पहिली सूचना: कबुतरांना दाणे घालण्यास सक्त मनाई करावी. दुसरी: कबुतरांना दाणे घालण्यासाठी स्वतंत्र चौथरा बांधावा. तिसरी: ज्येष्ठांसाठी जादा बाक. चौथी: ज्येष्ठांनी आहेत ते बाक अडवू नयेत. मुलांना क्रिकेटची बंदी. मुलांच्या क्रिकेटला जाळी. नंतर एका ठसठशीत अक्षरात: ‘सायंकाळी येणाऱ्या जोडप्यांवर कारवाई व्हावी.’ त्याखाली बारीक, उताराच्या अक्षरात: ‘तुम्हीही कधी तरुण होता.’ आणि त्याखाली पुन्हा पहिल्याच ठसठशीत अक्षरात: ‘नव्हतो.’

सभेचं इतिवृत्त नंतर मिळालं. त्यात एवढंच होतं: ‘उपस्थित नागरिकांनी प्रकल्पाचे स्वागत केले व कबुतरांबाबत सूचना केल्या.’

इथं काकांची ओळख करून द्यायला हवी. प्रत्येक बागेत असे एक काका असतात. आमचे काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांनी हरकत घेण्याचा पूर्णवेळ उद्योग पत्करला. खांद्याला रेक्झिनची पिशवी. तीत झेरॉक्सचे गठ्ठे, स्टॅप्लर, भिंग आणि दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पची पट्टी. माहितीचा अधिकार आला २००५ साली; दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर, उत्तर नाही आलं तर अपील. काकांच्या मते स्वातंत्र्यानंतर या देशात एवढी स्वस्त करमणूक दुसरी निघालेली नाही. वर्तमानपत्र ते मागून वाचतात. पहिलं पान जगाचं, शेवटचं आपलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या पानांवर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकिटांच्या आणि नावातल्या बदलांच्या गर्दीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत जाहीर सूचना असतात. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर महिनाभराच्या मुदतीत लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. बागेचं आरक्षण हलवणं हाही कधीकधी किरकोळ फेरबदल असतो. महिना कधी सुरू झाला हे फक्त काकांना ठाऊक असतं, कारण भिंग त्यांच्याकडे आहे.

“अहो, घटनेत आहे!” हे त्यांचं पालुपद. आहे खरंच. १ जून १९९३ पासून ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली, तिनं घटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांनी स्वतः पाहावीत अशी अठरा कामं तीत आहेत आणि त्यांतलं बारावं काम म्हणजे उद्यानं, बागा, क्रीडांगणं. बाराव्यातलं बारावं, हा काकांना शुभयोग वाटतो. आपल्याकडे बारावं कशाचं घालतात याची आठवण मी त्यांना करून देत नाही.

त्याच दुरुस्तीत, तीन लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या नेमाव्यात असंही सांगितलंय. महाराष्ट्रात त्या नेमल्या गेल्या, आणि सामाजिक संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना त्यांत जागा ठेवली. निवडणुकीत तिकीट न मिळालेल्यांना एकदम समाजसेवेची ओढ लागते, त्यामुळे या जागा भरायला कधी अडचण आली नाही. २००९ मध्ये त्याहून पुढचं पाऊल पडलं. गावाला जशी ग्रामसभा तशी शहराला क्षेत्र सभा, म्हणजे चार-दोन मतदान केंद्रांच्या टापूतल्या सगळ्या मतदारांची सभा, असा कायदा झाला. तो होण्यामागं केंद्राकडून येणाऱ्या नागरी योजनेच्या निधीची अट होती, हे अर्थातच योगायोगानं. आमच्या भागात ही क्षेत्र सभा भरल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. काकांनी एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन ती कधी आहे म्हणून विचारलं, तर खिडकीतल्या बाईंनी त्यांना आधी जन्म-मृत्यू नोंदणीच्या रांगेत आणि मग निवडणूक विभागाकडे पाठवलं. तिथल्या माणसानं मात्र सहानुभूतीनं विचारलं, “कुठल्या पक्षाची?”

उरला लोकशाही दिन. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि सोमवारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. त्यासाठी विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा. इतर दिवशी कुठली पद्धत चालू असते, हा प्रश्न काकांनी एकदा माहिती अधिकारात विचारला होता. ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही,’ असं उत्तर आलं, आणि त्यांच्या संग्रहातलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मुंबईत नागरिकांनी हात घातला आणि काही झालंच नाही, असं अजिबात नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करायला घेतला. त्यातून १९९७ च्या सुमारास महापालिकेची एएलएम, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’, योजना उभी राहिली आणि गल्लीगल्लीत तिची मंडळं निघाली. ओव्हल मैदान हे एके काळी दुपारी ओलांडायचीही भीती वाटावी असं होतं. आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली, ट्रस्ट काढला, आणि ते २२ एकर हिरवं मैदान आज क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं दिसतं. शिवाजी पार्कच्या रहिवाशांची गोष्ट तर वेगळ्या लेखाची. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान, दोन वर्षांनी त्याला महाराजांचं नाव मिळालं. खेळ सोडून बाकीच्या कार्यक्रमांना वर्षात ४५ दिवस. २०१० मध्ये नागरिकांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं मैदान शांतता क्षेत्र ठरवलं. पुढं २०२२ च्या दसऱ्याला एकाच पक्षाचे दोन तुकडे त्याच मैदानासाठी त्याच न्यायालयात गेले, तेव्हा शांततेचं काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं. सध्या तिथला वाद तांबड्या मातीचा आहे. ती वाऱ्यानं उडून घराघरांत जाते. माती काढावी की राहू द्यावी की पाणी मारावं की गवत लावावं, यावर आयआयटीपर्यंत सल्ला मागून झाला. तोवर सभोवारचे रहिवासी रोज सकाळी शिवाजी पार्कचा एकेक चमचा आपापल्या टीपॉयवरून पुसून काढतात. सव्वा चौरस मीटरच्या हिशेबात ही घरपोच आलेली मोकळी जागा धरतात की नाही, कळत नाही.

तर लोकांना बागेचा ध्यास नाही असं कुणी म्हणू नये. अडचण वेगळीच आहे. लोक बागेत असतात आणि बागेचं जे काही ठरतं ते दुसरीकडेच कुठंतरी.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती. फाटकावरच्या कमानीवर आमच्या नगरसेवकांचा फोटो होता, खाली ‘यांच्या संकल्पनेतून’. या देशात संकल्पना फक्त लोकप्रतिनिधींना सुचतात आणि त्या बहुतेक पेव्हर ब्लॉकच्या असतात. मुदत संपल्यावर एका रात्री कुणीतरी नावाआधी तैलरंगात ‘माजी’ लिहून गेलं. दोन वर्षांनी पावसात ‘माजी’ धुऊन गेलं आणि साहेब कुठल्याही मतदानाशिवाय पुन्हा पदावर आले. काकांनी त्यावरही हरकत घेतली. उत्तर आलं की सदर फलक महापालिकेचा नसून, तो काढण्याबाबत संबंधितांना कळवण्यात येत आहे. संबंधित म्हणजे तेच साहेब.

त्या चार वर्षांत बागेचं काही ठरवायचं तर विचारायचं कुणाला, हे ठरवणारंही कुणी नव्हतं. अशा वेळी सुशोभीकरण फार जोरात होतं. झाडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. आमच्या गुलमोहराला निळ्या, बकुळीला हिरव्या. शहरभर तेच चाललं होतं आणि पुढं ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. झाडांवर रात्री झोपणाऱ्या पाखरांची बाजू माणसांनी मांडली, हे बरं झालं. पाखरांना पंधरा दिवस आधी दोन प्रतींत अर्ज जमला नसता.

दत्तक योजनेचं आणखी निराळं. बागा-मैदानं सांभाळायला पैसा नाही, म्हणून ती खासगी संस्थांना दत्तक द्यायची, ही मुंबईची जुनी कल्पना. काही ठिकाणी दत्तक घेणाऱ्यांनी मैदानाच्या एका अंगावर क्लबहाउस बांधलं आणि मग मैदानालाच सभासदत्व घ्यायची वेळ आली. कुंपणाबाहेर उभं राहून आपली बाग पाहायची, आणि आत ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी पोहायचं. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेत नवं धोरण मंजूर झालं तेव्हा इतका गदारोळ उठला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली आणि दिलेल्या जागा परत घ्यायचा हुकूम निघाला. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा, पुन्हा गदारोळ. दरम्यान कुणाच्या तरी ध्यानात आलं की बाग वरून घेता येत नसेल तर खालून घेता येईल. वांद्र्याचं पटवर्धन पार्क, जुहूचं पुष्पा नरसी पार्क, दोन्हींच्या पोटात वाहनतळ करायचे बेत आले. ‘बाग जशीच्या तशी राहील, फक्त गच्चीवर,’ अशी ही योजना. तिथलेही काका लोक भिंगं घेऊन उठले.

हे ‘काका लोक’ संत नव्हेत, हेही सांगून टाकतो. आमच्या बागेचं फाटक सकाळी दहाला बंद होतं आणि चारला उघडतं. उन्हात बागेत कोण येणार, असा त्यामागचा विचार. दुपारी बारा ते तीनच्या मध्ये दोन घरची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घराच्या वेळेची वाट पाहणाऱ्या मावश्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात बसतात. पार्सलवाली पोरं स्कूटरवर आडवी होतात, पाय हँडलवर. समोरच कुलपाआड आठ बाक सावलीत रिकामे. सूचनांच्या त्या वहीत फाटक दुपारी उघडं ठेवा, असं कुणीही लिहिलं नव्हतं. कारण ज्यांना लिहायचं होतं त्या बुधवारी अकराला आमच्याच घरी भांडी घासत होत्या. एकदा मी हा मुद्दा पश्चिमेच्या बाकावर काढला, तर निवृत्त बँकवाल्यांपैकी एक म्हणाले, “मग कुणीही येऊन बसेल हो!” सार्वजनिक बागेची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही, फक्त त्यांचा सूर तक्रारीचा होता. काकांनी मात्र त्याच संध्याकाळी अर्ज टाकला. ‘दुपारी फाटक बंद ठेवण्याचा ठराव कोणत्या तारखेस झाला, त्याची प्रत द्यावी.’ ठराव नव्हताच. जुना रखवालदार दुपारी जेवायला घरी जायचा, म्हणून कुलूप लागायचं. रखवालदार निवृत्त झाला आणि कुलूप नोकरीत राहिलं. सध्या ‘प्रायोगिक तत्त्वावर’ फाटक दोनला उघडतं. मावश्या येतात, पण बाकावर बसत नाहीत, पारावर बसतात. बाक कुणाकुणाचे आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे.

काकांच्या पुतण्याचा मुलगा कॅनडात, व्हँकुव्हरला असतो. त्यानं फोनवर सांगितलं की तिथं बागांसाठी वेगळं निवडून दिलेलं मंडळ आहे. सात सदस्य, महापौरांच्या बरोबरीनं लोक त्यांनाही मत देतात, आणि हे १८९० पासून चालत आलंय. काकांना दोन रात्री झोप लागली नाही. बागेसाठी मतदान! बागेसाठी जाहीरनामा! बकुळीच्या बाजूचा उमेदवार आणि कॅफेच्या बाजूचा उमेदवार! आम्ही त्यांना व्हिसाचं विचारावं की काय अशा बेतात होतो, तोच मुलानं पुढची बातमी दिली. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या महापौरांनी हे मंडळच बरखास्त करायचा प्रस्ताव आणला, कारण त्यानं कारभार हळू चालतो. काकांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आपल्यासारखंच आहे!” ते म्हणाले आणि त्या रात्री गाढ झोपले.

आता बकुळीकडे. कॅफेच्या जागी ती येत होती, म्हणून ती तोडायची सूचना लागली. कुठं लागली, तर बकुळीलाच. यात कुणाचा खट्याळपणा नाही. १९७५ चा झाडांचा कायदाच सांगतो की जे झाड तोडायचं त्याच्या ठळक भागावर सूचना चिकटवावी. फाशीचं फर्मान कैद्याच्याच कपाळावर. बकुळीनं ते वाचलं असावं, पण तिला लेखी हरकत नोंदवणं शक्य नव्हतं. ‘मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही’ ही ओळ नेमकी दिव्यांच्या माळेखाली गेली होती. काकांनी माळ सरकवून वाचली. मग आमच्या बागेत जे घडलं ते पूर्वी कधी घडलं नव्हतं. धर्म आणि विज्ञान एका दिशेनं चालायला लागले, म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या. हास्यक्लबनं सह्या गोळा केल्या. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळतो, हे काकांनी शोधून काढलं. त्यावर पश्चिमेच्या बाकाला थोडं वाईट वाटलं. त्यांच्यापैकी सगळेच पन्नाशीच्या पुढचे होते आणि त्यांना असलं काही मिळालं नव्हतं. बकुळीचं वय सिद्ध कसं करायचं? आजींनी आपल्या मुंजीतल्या, म्हणजे आपल्या मुलाच्या मुंजीतल्या, एका काळ्यापांढऱ्या फोटोची प्रत दिली. मागं बकुळ. पुढं बटू रडतोय.

सुनावणीला काकांसोबत मीही गेलो. साहेब मध्यमवयीन, थकलेले, सभ्य. टेबलावर आमच्या हरकतींचा गठ्ठा, त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवून गोल उठवलेला.

“काका, बसा,” साहेब म्हणाले. “हरकत वाचली मी. मुद्देसूद आहे. पण आपण बाधित कसे?”

“म्हणजे?”

“म्हणजे या प्रकल्पानं आपण प्रत्यक्ष बाधित होता का? आपलं घर, दुकान, भिंत काही लागून आहे का बागेला?”

“नाही. दोन गल्ल्या सोडून आहे.”

“मग आपला उद्यानाशी संबंध काय?”

“मी रोज येतो तिथं!”

“पुरावा?”

काकांची पिशवी पहिल्यांदाच अडखळली. आधार कार्डावर घराचा पत्ता असतो, बाकाचा नसतो. वीजबिल बागेचं नव्हतं. माहिती अधिकारातली उत्तरं ‘अर्जदारास’ होती, बागकरास नव्हती. गठ्ठे उलटेपालटे करताना त्यातून एक गुलाबी चिटोरं खाली पडलं. मी उचललं. मागच्या महिन्यात बागेवर नवी सुरक्षा एजन्सी आली तेव्हा तिनं दंडाच्या पावत्यांचं पुस्तक आणलं होतं. पहाटे देवासाठी जास्वंद तोडणं हा आमच्या बागेतला सगळ्यात जुना नागरिकांचा सहभाग. छत्रीच्या मुठीनं फांदी वाकवायची, पिशवीत टाकायची, चालू पडायचं. काका पकडले गेले. शंभर रुपये. भांडले, हरकत घेतली, शेवटी भरले, आणि कागद म्हणून पावती जपून ठेवली.

साहेबांनी पावती हातात घेतली. उलटसुलट पाहिली. त्यावर महापालिकेचं बोधचिन्ह होतं, काकांचं नाव होतं, तारीख होती, वेळ सकाळी ६.१० होती, आणि छापील ओळ होती: ‘उद्यानात आढळून आल्यामुळे’.

“हे चालेल,” साहेब म्हणाले आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं: हरकतदाराचा उद्यानाशी संबंध कागदोपत्री सिद्ध. हरकत दाखल करून घेण्यात येत आहे. बकुळीबाबत स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.

उरलेल्या एकशे बारा हरकती मात्र ‘संबंध सिद्ध न झाल्याने’ बाजूला पडल्या. त्या हरकतदारांना पुरावा सादर करायला आठवड्याची मुदत मिळाली. ही बातमी संध्याकाळपर्यंत बागेत पोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक उघडलं तेव्हा जास्वंदीपाशी रांग होती. प्राणायामवाले, हास्यक्लब, दोन्ही दिशांनी चालणारे, आणि पश्चिमेच्या बाकावरचे चौघं, ज्यांनी जन्मात कधी फूल तोडलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात शंभराची नोट. झुडपावर फुलं पाच. सुरक्षारक्षक पोरगेला होता, गांगरून गेला होता.

“फूल नको रे,” बँकवाले म्हणाले, “नुसती पावती दे.”

“असं नाही करता येत, काका,” तो म्हणाला. “फूल तोडल्याशिवाय पावती नाही. हिशेब जुळायला पाहिजे.”

“मग कळ्या मोज!” मागून आजी ओरडल्या.

पाच पावत्या फाडून झाल्यावर त्यानं पुस्तक मिटलं. “बाकीच्यांनी सोमवारी या,” तो म्हणाला. “तोवर कळ्या फुलतील.”